चालता तीळ

हे कुणालाच पटणार नाही. विहिरीतली मगर तुम्हांला पटली नाही ते मी समजू शकतो, तिला पाहणारा मी एकटा होतो. पण या गोष्टीला साक्षीदार आहेत, आणि तेही रेशमी साड्या नेसलेले. काल, रविवारी, आमच्या वारज्याच्या घरी, वहिनींच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, पांढऱ्या बशीतला एक काळा तीळ उठला आणि चालत काठापर्यंत गेला.

"श्यामआजोबा," तनया म्हणाली, "तीळ?"

"तीळ."

"चालत?"

"जरा घाईत होता."

तनया म्हणजे माझ्या मोठ्या पुतण्याची, दिग्विजयची लेक. नाशिकला हॉस्टेलवर असते. परीक्षेमुळे तिचं हळदीकुंकू हुकलं आणि ती सोमवारी जेवायच्या वेळेला उगवली. टेबलाशी तिचा बाप होता, तो ताटात बघत होता. माझे थोरले बंधू, म्हणजे अण्णा, कान सोडून बाकी सगळं शाबूत असलेले, कढी पीत होते. धाकटी सून नम्रता वाढत होती. वहिनी आत पोळ्या लाटत होत्या. म्हणजे सांगायला मोकळा मीच. मी सांगितलं तसंच इथे उतरवतो.

आमची नर्सरी ही वहिनींची. अण्णांनी बँकेत आयुष्यभर सह्या केल्या आणि वहिनींनी तेलाच्या रिकाम्या डब्यांत गुलाब लावून विकले. त्या डब्यांची आज शेडनेट झाली आहेत. पुरंदरचे, मुळशीचे शेतकरी मिरची-टोमॅटोची रोपं आमच्याकडून नेतात, आणि नेतात ती एकाच कारणासाठी. आमच्या रोपाबरोबर कीड जात नाही. पपईवर तो पांढरा पिठ्या ढेकूण आला आणि लोकांच्या बागा कापूस पिंजल्यासारख्या दिसायला लागल्या, तेव्हा आमची पपई हिरवीगार उभी होती. टोमॅटोवर परदेशातली नागअळी आली, तेव्हा लोक आमच्या दारात रांग लावून होते. रांग थेट स्वारगेटला पोहोचली होती.

"वारज्यापासून?" तनया म्हणाली.

"मधे चहाला थांबत होती."

याचं श्रेय आमच्या बाळंतिणीच्या खोलीला. नाव वहिनींनी ठेवलेलं. बाहेरून आलेलं कुठलंही रोप, कुणीही आणलेलं असो, आधी त्या जाळीच्या खोलीत जातं. तिला दोन दारं आहेत. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पंधरा-वीस दिवस रोप तिथे राहतं, रोज कुणीतरी भिंगातून पानाची मागची बाजू बघतं, फूल झटकून बघतं. मग निळेपिवळे चिकट कागद टांगलेले असतात, त्यांवर कोण येऊन बसलंय ते बघतात. काही निघालं नाही तरच रोप बाकीच्यांत मिसळतं. धाकटा पुतण्या वरद झाला तेव्हा वहिनी जशा खोलीत होत्या तसंच. भेटायला यायचं नाही, लाड करायला उचलायचं नाही.

आता ही खोली गेली काही वर्षं नम्रता सांभाळते. वरदची बायको, दर्यापूरची, अकोल्याला शेतकी शिकलेली. वरद हिंजवडीत संगणकाशी बोलतो आणि बायको किड्यांशी, असा आमच्याकडचा विनोद आहे. तो मीच केलेला आहे. दिग्विजय बाहेरचं बघतो, सोसायट्यांच्या बागा, प्रदर्शनं, मोठी गिऱ्हाइकं. दिग्विजय आणि नम्रता या दोघांपैकी नर्सरी कुणाच्या हाती द्यायची ते वहिनी संक्रांतीला सांगणार होत्या. दिग्विजयच असणार असं सगळे धरून चालले होते. दिग्विजय तर धरून बसलाच होता. नम्रता काही बोलली नव्हती, पण दिग्विजयनं दिवाळीत "ती जाळीची खोली पाडून तिथे गिऱ्हाइकांना बसायला जागा करू" असं म्हटल्यापासून ती रात्री नीट जेवत नव्हती, हे मला दिसत होतं. खोली गेली तर तिच्या हाती उरलं असतं काय, तर कुंड्यांना पाणी घालणं.

तर शनिवारी दिग्विजयचा फोन आला, कर्नाटकातल्या एका प्रदर्शनातून. फोन अण्णांनी उचलला. यातच सगळं आलं.

"अण्णा, टेंपोनं नवं वाण पाठवतोय. मिरचीचं. जपून उतरवून घ्या."

नर्सरीत वाण म्हणजे जात. नवं वाण आलं की ते बाळंतिणीच्या खोलीत जातं, हे आमच्याकडच्या मांजरालाही माहीत आहे. पण हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, पुण्याच्या कुठल्याही घरात वाण म्हणजे एकच, बायकांना लुटायचं ते. आणि आमच्याकडे वहिनी दर वर्षी रोपंच लुटतात. अण्णांनी टेंपोवाल्याला सांगितलं, "वाण आलंय हळदीकुंकवाचं. अंगणात मांडवाखाली लाव."

संध्याकाळी वहिनी बाहेर आल्या तर तुळस, गवती चहा, जास्वंद यांच्या मधोमध जांभळ्या मिरच्यांच्या देखण्या कुंड्या. त्यांचे डोळे भरून आले. मुलाला आईच्या हळदीकुंकवाची आठवण राहिली, असं त्यांना वाटलं. रविवारी पहाटे दिग्विजय घरी पोहोचला, आईनं पाठीवरून हात फिरवला, आणि त्यानंही गैरसमज दुरुस्त केला नाही. मी त्याला दोष देत नाही. आयतं मिळालेलं कौतुक कोण परत करतो?

"मला माहीतच नव्हतं अण्णांनी काय ऐकलं ते," दिग्विजय ताटातून म्हणाला.

"गोष्ट मी सांगतोय," मी म्हटलं.

सकाळी नम्रता रांगोळी काढायला अंगणात गेली. मिरच्यांकडे बघून ती थबकली. तिला काय दिसलं ते मी तिच्या डोळ्यांतून सांगतो, कसं कळलं ते विचारू नका. शेंड्याची पानं वरच्या बाजूला वळलेली, होडीसारखी. पानाच्या मागे, शिरेलगत, कुणी नखानं खरवडल्यासारखे तपकिरी डाग. फुलांच्या पाकळ्या करपलेल्या. तिनं तिळगुळासाठी काढून ठेवलेली पांढरी बशी उचलली, एक फूल तिच्यावर धरलं आणि टिचकी मारली. बशीत काळे ठिपके पडले. तीळच. आणि त्यातला एक चालायला लागला.

"काय करतेस गं?" वहिनी दारातून म्हणाल्या.

"पाहून राहिले, आई."

वहिनी चपला न घालताच अंगणात आल्या. लग्नानंतर वहिनींनी तिचं वऱ्हाडी 'पाहून राहिले' सोडवून 'बघते आहे' केलं होतं. ते परत आलं म्हणजे काहीतरी मोठंच बिघडलं होतं.

मग आम्ही सगळे अंगणात. दिग्विजयनं बशीकडे एकदा बघितलं.

"फुलकिडे. कुठल्या मिरचीवर नसतात?"

"हे आपले नाहीत, दिग्विजयदादा. आपले पिवळसर असतात, पानावर दिसतात. हे काळे आहेत आणि फुलात लपतात. आपल्या देशातलेच नाहीत मुळात. बाहेरून आले आणि दक्षिणेकडे मिरचीची शेतंच्या शेतं घेऊन गेले."

"खात्री आहे?"

"नाही. खात्री शेतकी कॉलेजातली माणसं सूक्ष्मदर्शकाखाली करतील. तोपर्यंत रोपं घरोघरी गेलेली असतील."

"म्हणजे खात्री नाही."

"नाही म्हटलं ना."

"बरोबर आजच दिसले तुला."

"कालच आलेत."

दिग्विजयच्या कानाची पाळी लाल झाली. ती लहानपणापासून होते. त्याच्या मनात काय होतं तेही सांगतो. दुपारी आई सगळ्यांसमोर नर्सरी त्याच्या हाती देणार, आणि सकाळी ही बाई हातात बशी घेऊन उभी. एक फवारणी मारली तर काय बिघडतंय? माणूस वाईट नाही. पण ज्या दिवसाची वाट बघितली त्या दिवशी किडा निघावा, हे कुणाला सहन होईल?

"औषध मारू," तो म्हणाला. "दोन तासांत वाळतील. कुणाला कळणारही नाही."

"अंडी पानाच्या आत असतात, औषध पोचत नाही. कोष मातीत असतात. औषधानं वरचे मरतील, आणि आठवड्यानं दुसरे निघतील. तेव्हा रोप गोदाबाईंच्या गच्चीत असेल." गोदाबाई म्हणजे दर संक्रांतीला न चुकता रोप न्यायला येणाऱ्या वहिनींच्या पाहुण्या.

इथे मी खरं तेच सांगतो, मी दिग्विजयच्या बाजूचा होतो. चार तासांत बायका येणार होत्या. रिकाम्या हातानं बायका परत पाठवणं म्हणजे वहिनींची अब्रू, आणि एका बशीतल्या ठिपक्यासाठी ती घालवायची? मी तसं म्हटलंही. म्हटलं, "नम्रता, चार कुंड्या तू बाजूला काढ, बाकीच्या जाऊ देत."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी स्वतःहून खुर्ची मागे सरकवली.

"काका, गोदाबाई रोप घरात ठेवतात का कधी? त्या सासवडला भावाला देतात. भावाची मिरची आहे, आपल्याच रोपांची. आपलं वाण एका घरी थांबत नाही, पुढे जातं. कीड पण तशीच जाईल. आणि मागच्या शेडमधे मिरचीची रोपं तयार उभी आहेत, तिथे यातला एक जरी पोचला, तर पुरंदरला आपण टेंपो भरभरून हेच पाठवू."

"तो वाणच म्हणाला होता," अण्णा म्हणाले. ते सकाळपासून एवढंच म्हणत होते.

वहिनींनी बशी मागून घेतली. पदराला पुसून भिंग डोळ्याला लावलं. आम्ही उभे. वहिनी बघत होत्या त्या किड्याकडे, पण दिसत काय होतं ते मी तुम्हांला सांगतो. कोथरूडच्या गच्च्या, कर्वेनगरच्या खिडक्या, धायरीच्या बाल्कन्या. इतक्या वर्षांच्या संक्रांतींची रोपं आता तिथे मोठी झाली आहेत. रस्त्यानं जाताना बायका हाक मारून सांगतात, वासंतीताई, तुमची जास्वंद फुलली. त्या प्रत्येक घरी या खेपेला तीळ जाणार होता, पाय असलेला.

"काढायची तर किती काढायची?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"तुळससुद्धा?"

"रात्रभर शेजारी होती, आई. कुणावर उडून बसलेत ते मला आज सांगता येणार नाही."

"आई," दिग्विजय म्हणाला, "लोक हसतील."

"आज गोडच बोलायचं असतं. हसले तर गोड हसतील." भिंग त्यांनी नम्रताच्या हातात परत दिलं. "सगळी काढा."

आता दिग्विजयचं ऐका. तो दोन पावलं गेला, थांबला, आणि वळून म्हणाला, "कात्रजला एका सोसायटीत टेंपोनं उतरवल्यात काही कुंड्या. येता येता. पेमेंटसुद्धा... ते जाऊ दे. यातल्याच आहेत."

कुणी विचारलं नव्हतं. तो बोलला नसता तर कुणाला कळलंही नसतं. नम्रतानं पिशव्यांचा गठ्ठा ओढून घेतला. मग म्हणाली, "झाकून आणायला लागतील."

"कसं?"

"कुंडी हलवायची नाही. पिशवी आधी वरून घालायची, अलगद, खाली बांधायची, मग उचलायची. आधी हलवलं तर उडतात."

आणि ज्या माणसानं दिवाळीत ती खोली पाडायचं ठरवलं होतं, तो तिच्यासमोर उभा राहून एका कुंडीवर पिशवी घालायला शिकला. पहिली फाटली. दुसरी जमली. मग टेंपोवाल्याला फोन: "कुठे आहेस? थांब तिथेच, दुसरं काही भरू नकोस. हौदा धुऊन घे. हो, आत्ता. हो, साबणानं." पिशव्यांचा गठ्ठा गाडीत टाकून तो स्वतः कात्रजला गेला. तिथे सेक्रेटरीशी त्याचं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलेलं नाही, पण कुंड्या परत आल्या, सगळ्या, बांधलेल्या.

"त्याला म्हटलं, चूक आमची आहे," दिग्विजय म्हणाला. त्यानं आता मान वर केली होती. "एवढंच."

नमुना कॉलेजला द्यायचा तर किडे दारूत बुडवून न्यावे लागतात. घरातलं सॅनिटायझर जेलचं निघालं, त्यात किडे चिकटून बसतात. नम्रता म्हणाली, साधं अल्कोहोल हवं. वहिनी क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "भावजींच्या कपाटात, वरच्या फळीवर, शब्दकोशामागे." मी तिथे खोकल्याचं औषध ठेवतो. ते किड्यांनाही मानवलं.

"म्हणजे रम," तनया म्हणाली.

"शब्दकोशात बघ," मी म्हटलं.

राहिला प्रश्न लुटायचं काय. वहिनी मागे गेल्या आणि एक खोकं घेऊन आल्या. निळे चिकट कागद, शेडमधे टांगतो ते. फुलकिड्यांना निळा रंग दिसला की ते जाऊन बसतात आणि उठत नाहीत. वहिनी म्हणाल्या, "या वर्षी हे वाण. ज्याच्या त्याच्या बाल्कनीत टांगायचं, आणि आठवड्यानं बघायचं कोण पाहुणा आलाय."

दुपारी बायका आल्या. त्या हळदीकुंकवाचं वर्णन करायला माझी लेखणी तोकडी आहे, पण प्रयत्न करतो. चिकट कागद आणि रेशीम यांचं एकमेकांवर किती प्रेम आहे ते मला तोवर माहीत नव्हतं. एकीचा कागद दुसरीच्या पदराला, दुसरीचा पदर तिसरीच्या अंबाड्याला. चौघीजणी एकमेकींना चिकटून फाटकापर्यंत गेल्या आणि तशाच रिक्षात बसल्या. रिक्षावाल्यानं एकीचंच भाडं घेतलं, कारण त्याला सुटी करता येईना. एका कागदावर पाच मिनिटांत एक डास, एक टिकली आणि मोत्याची कुडी सापडली. कुडीची मालकीण अजून सापडलेली नाही. आणि तरी हसली कुणी नाही. म्हणजे हसल्या सगळ्या, पण वहिनींना कुणी हसलं नाही. पांढरी बशी हातोहात फिरत होती, घरी गेल्यावर फूल कसं झटकून बघायचं ते वहिनी एकेकीला दाखवत होत्या. एरवी या बायका फराळाची चव घेत साडीची किंमत काढतात. काल पानाची मागची बाजू हा विषय चालला होता.

मग गोदाबाई आल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून नोकरीत आहे. अंगणाच्या मधे उभ्या राहून रिकाम्या मांडवाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वासंती, इतकी वर्षं तुझ्याकडे रोपासाठी येते. तिळगूळ माझ्या घरी पण आहे. रोपं द्यायची नाहीत असं कुणी ठरवलं?"

सगळ्या बायका वहिनींकडे बघायला लागल्या.

तेव्हा दिग्विजय कात्रजला होता. वरद नेहमीप्रमाणे ऑफिसात, रविवार असूनही. अण्णा समोरच बसले होते, पण त्यांच्या ऐकण्याबद्दल या गोष्टीत पुरेसं आलं आहे. आणि नम्रता मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडच्या पलीकडे, पिशवीत बांधलेली एकेक तुळस उन्हात मांडत होती, आतले किडे तापून मरावेत म्हणून. तिथवर पुढच्या अंगणातलं काही ऐकू येत नाही. तेव्हा वहिनींनी गोदाबाईंना काय उत्तर दिलं ते घरात फक्त मला माहीत आहे.

इथे मी पाणी प्यायलो. नम्रता कढीचा डाव हातात धरून उभी होती. ती कालपासून अशीच टांगणीला होती; कॉलेजातून अजून कळलेलं नव्हतं, आणि वहिनींनी काल ठरल्याप्रमाणे काहीच जाहीर केलं नव्हतं, ना दिग्विजयला, ना तिला. दुपारनंतर त्यांनी तिला उद्देशून काढलेलं एकमेव वाक्य होतं, "पिशव्या कमी पडल्या तर माळ्यावर आहेत."

"मग आजी काय म्हणाल्या?" तनयानं विचारलं.

"वहिनी म्हणाल्या," मी जरा मोठ्यांदा सांगितलं, आवाज आतपर्यंत जावा इतपत, "‘गोदाबाई, आमच्या धाकट्या सुनेचं म्हणणं पडलं. शिकलेली पोर आहे, तिला किड्यांची भीती वाटते. म्हटलं, एक वर्ष तिच्या मनासारखं करू.’"

नम्रतानं डाव पातेल्यात ठेवला.

आतलं लाटणं थांबलं. वहिनी पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"भावजी, साफ खोटं सांगताय," त्या म्हणाल्या. "‘सून’ हा शब्द मी काढलाच नव्हता. मी म्हटलं, आमच्या नर्सरीच्या मालकिणीनं ठरवलं, आणि तिचं मी ऐकते."